तुम्ही म्हणजे नेमके किती जण? 'राजेहो'पासून 'गाइज'पर्यंत एका हरवलेल्या अनेकवचनाची गोष्ट

नमस्कार मंडळी! आजचा भाग ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी घ्यायला आवडतो त्यांच्यासाठी हा लिखित अवतार. बोललेलं थोडं नीटनेटकं केलंय, पण फार इस्त्री मारलेली नाही.

सुरुवातीलाच 'मंडळी' म्हटलं ते मुद्दाम. पॉडकास्ट करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच सेकंदांत एक निर्णय घ्यावा लागतो, समोरच्या सगळ्यांना हाक काय मारायची? कुणी 'मित्रांनो' म्हणतं, कुणी 'दोस्तहो'. यूट्यूबवरचा आपला वाशीम-रिसोडचा पोरगा कॅमेरा चालू केला की 'हॅलो गाइज' म्हणतो. नुसतं 'तुम्ही' म्हणून कुणीच सुरुवात करत नाही. का बरं? 'तुम्ही' हे तर अनेकवचन आहे ना? शाळेत तसंच शिकलो: मी-आम्ही, तू-तुम्ही, तो-ते.

पण शाळेबाहेर बघा. फोनवर कुणी म्हणालं, "रविवारी तुम्ही जेवायला या", तर किती जणांनी जायचं? तुम्ही एकट्यानं? नवरा-बायकोनं? की पोरंबाळं, म्हातारे सगळ्यांनी? वाक्य तिन्हींसाठी तेच. म्हणून तर लग्नपत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापावं लागतं. आणि आपल्याकडे गावात त्याहून पक्की सोय आहे, 'चूलबंद आवतन'. आज तुमच्या घरची चूल पेटायची नाही, म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवण आहे. 'तुम्ही' या शब्दाला जे सांगता येत नाही, ते चुलीला सांगावं लागलं.

आजची गोष्ट या भोकाची. हे भोक पडलं कसं, ते जगात कुणी कुणी बुजवलं, आणि बुजवणाऱ्यांनाच 'गावठी' का म्हटलं गेलं, त्याची.

आधी तीन होते, मग दोन झाले

संस्कृतात हा घोळ नव्हता. एकाला 'त्वम्', दोघांना 'युवाम्', तिघांना किंवा जास्तीला 'यूयम्'. बैलजोडी, नवरा-बायको, दोन भाऊ, यांच्यासाठी वेगळं द्विवचनच होतं. लोकांच्या बोलण्यातल्या प्राकृत भाषांनी मात्र द्विवचन टाकून दिलं. 'यूयम्'चं रूपही मोडलं आणि त्या जागी 'तुम्हे' आलं. सुरुवातीचा 'त' एकवचनातून उसना घेतलेला. 'तू'ला 'त' आहे तर त्याच्या अनेकवचनालाही असू द्या, असा साधा हिशेब. त्या 'तुम्हे'चं आपलं 'तुम्ही' झालं, आणि वऱ्हाडात 'तुमी'.

इथं वाशीमकरांनी जरा ताठ बसायला हरकत नाही. आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः प्राकृतात काव्य लिहिणारा राजा. त्याच्या काव्याचं नाव 'हरिविजय'. त्याचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती, चौथ्या शतकातला. त्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीममध्येच सापडला. त्या ताम्रपटात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष कामाचा मजकूर प्राकृतात. मिरवायचं ते एका भाषेत, आणि ज्याची अंमलबजावणी व्हायची ते लोकांच्या भाषेत. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आठ-नऊशे वर्षांनी याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटानं 'लीळाचरित्र' लिहिलं. साल साधारण १२७८. महानुभावांच्या परंपरेत नागदेवाचार्यांची एक आठवण सांगतात. संस्कृतात प्रश्न घेऊन आलेल्या शिष्याला त्यांनी थांबवलं. त्याच्या संस्कृत सर्वनामांच्या रूपांची खिल्ली उडवली आणि आपल्याला स्वामींनी मराठीतच सांगितलंय असं बजावलं. संस्कृतात लिहिलं तर साध्या म्हाताऱ्या बायकांना ज्ञान मिळणार नाही, हीही काळजी त्यामागं होती. म्हणजे कोणती सर्वनामं कुणाला कळतात हा प्रश्न या मातीत साडेसातशे वर्षांपूर्वीच विचारला गेलाय.

आदरानं अनेकवचन खाल्लं

मग भोक पडलं कसं? उत्तर सोपं आहे. आदरामुळं.

माणूस मोठा वाटला की आपण त्याला एकापेक्षा जास्त समजतो. एका माणसाबद्दल आदरानं अनेकवचन वापरायची रीत जुन्या मराठीतही सापडते. 'साहेब आला' नाही, 'साहेब आले'. आणि समोरच्याला 'तू' नाही, 'तुम्ही'. ही आदराची सवय इतकी पसरली की 'तुम्ही' म्हटल्यावर आधी आदर ऐकू येतो, संख्या नंतर. पुढं 'तुम्ही'सुद्धा पुरेना, म्हणून 'आपण' आलं. पण त्याबद्दल थोड्या वेळानं.

गंमत म्हणजे सात समुद्रापलीकडं इंग्रजीत हेच घडलं, आणि आपल्यापेक्षा वाईट घडलं. जुन्या इंग्रजीत संस्कृतासारखंच दोघांसाठी वेगळं सर्वनाम होतं, ते गेलं. एकाला 'दाऊ' आणि अनेकांना 'यी' किंवा 'यू' उरलं. तेराव्या शतकानंतर फ्रेंच दरबाराच्या नादानं मोठ्या माणसाला 'यू' म्हणायची पद्धत पडली. आधी राजाला, मग सरदाराला, मग शेजाऱ्याला. कुणाला 'दाऊ' म्हणावं आणि कुणाला नाही, ही जोखीमच नको म्हणून लोक सरसकट 'यू' म्हणायला लागले. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोजच्या प्रमाण इंग्रजीतून 'दाऊ' जवळपास संपलं. ते काही गावांकडच्या बोलींत, देवाच्या प्रार्थनेत आणि कवितेत उरलं.

म्हणजे बघा, आपल्याकडं निदान 'तू' जिवंत आहे. इंग्रजीनं आपला 'तू' गमावला, आणि 'तुम्ही'ला दोन्ही कामं लावली.

यावर एका माणसानं दंगा केला. जॉर्ज फॉक्स, क्वेकर पंथाचा संस्थापक. त्याचं म्हणणं असं की देवापुढं सगळे सारखे, तर न्यायाधीश असो की सरदार, एकाला एकवचनीच बोलवणार. विचार करा, तहसीलदारांसमोर उभं राहून "तू" म्हणायचं! क्वेकरांना त्यासाठी शिव्या मिळाल्या, मारही मिळाला. पण फॉक्स हटला नाही. १६६० साली त्यानं दोन साथीदारांसोबत एक भलंमोठं पुस्तकच काढलं. अनेक भाषांची उदाहरणं देऊन शिकल्यासवरल्या लोकांना एकवचन आणि अनेकवचन यांतला फरक शिकवणारं. व्याकरणासाठी लोकांनी मार खाल्लाय, मंडळी. कारण तो प्रश्न व्याकरणाचा नव्हताच, माणसाच्या पायरीचा होता.

अमेरिकेनं भोक कसं बुजवलं

'यू'चा गोंधळ निस्तरायचा एक प्रयत्न इंग्लंडातच झाला होता. अठराव्या शतकात बरेच लोक एकाला 'यू वॉज' आणि अनेकांना 'यू वेअर' म्हणायचे. सर्वनाम एकच, पण क्रियापदावरून संख्या कळायची. मस्त सोय होती. पण १७६२ साली रॉबर्ट लाउथ नावाच्या पाद्र्यानं व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि 'यू वॉज' ही घोडचूक ठरवली. पुढं शाळांनी तेच गिरवलं, आणि दुरुस्ती 'अडाणी' ठरली.

पण अटलांटिकच्या पलीकडं लाउथसाहेबांचं कोण ऐकतंय? अमेरिकेत वेगवेगळ्या मुलखांतून आलेले लोक वसले, आणि प्रत्येक टापूनं स्वतःची दुरुस्ती केली.

दक्षिणेत 'यू ऑल' घासून 'यॉल' झालं. गोऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी तेच आणि कृष्णवर्णीयांच्या तोंडीही तेच. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या कामगार वस्त्यांत 'यूज' रुजलं. आयर्लंडहून आलेल्यांनी 'यू'ला सरळ अनेकवचनाचा 'स' लावून टाकला होता. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात 'यू-अन्स'. आणि पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात 'यिन्झ', म्हणजे 'यू वन्स'चं घासलेलं रूप; उत्तर आयर्लंडहून आलेल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांची देणगी. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे ते पेनसिल्व्हेनिया कुणी वसवलं माहितीये? विल्यम पेन, १६८१ सालची सनद, आणि हा पेन क्वेकर! एकाला 'तू'च म्हणणाऱ्या पंथाच्या माणसानं वसवलेल्या राज्यात पुढं अनेकांसाठीचा शब्द उगवला.

आणि आपले 'गाइज'? ही साखळी सगळ्यात भारी आहे. ५ नोव्हेंबर १६०५ च्या पहाटे लंडनच्या पार्लमेंटच्या तळघरात दारूगोळ्याच्या पिंपांसह एक माणूस पकडला गेला, गाय फॉक्स. (जॉर्ज फॉक्सशी याचा काही संबंध नाही, आडनाव इंग्रजीत वेगळं आहे.) पुढच्या जानेवारीत त्याला मृत्युदंड झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला त्याचा चिंध्यांचा पुतळा जाळायची प्रथा पडली. आपल्याकडं नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बडग्या काढतात ना, तसंच समजा. त्या पुतळ्याला म्हणायचे 'गाय'. मग विचित्र कपड्यांतल्या माणसाला 'गाय' म्हणू लागले. अमेरिकेत गेल्यावर शब्दातली टिंगल गळाली आणि कुठलाही पुरुष 'गाय' झाला. विसाव्या शतकात 'यू गाइज' म्हणजे सगळेच, बायकासुद्धा.

तर मालेगाव-जहांगीरचा पोरगा सोयाबीनच्या वावरात उभा राहून 'हॅलो गाइज' म्हणतो, तेव्हा तो चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये मेलेल्या एका माणसाचं नाव अनेकवचनात घेत असतो.

कुठं काय म्हणतात यावरून माणूस कुठला ते ओळखता येतं, इतकं हे पक्कं आहे. डिसेंबर २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं एक बोलीची प्रश्नमंजुषा टाकली होती. तुम्ही चार जणांना काय म्हणून हाक मारता, असे प्रश्न विचारून ती तुमचा टापू नकाशावर दाखवायची. वर्ष संपायला दहा दिवस उरले असताना आलेली ती गोष्ट त्या वर्षीची त्यांची सगळ्यात जास्त पाहिली गेलेली गोष्ट ठरली. लोकांना आपली बोली ओळखली गेलेली आवडते. टिंगल नसेल तर.

आणि आपण?

आता घरी या. मराठीनंही दुरुस्त्या केल्यात, फक्त आपण त्यांना दुरुस्ती म्हणून ओळखत नाही.

'तुम्ही दोघं' म्हणजे हरवलेलं द्विवचन परत. 'तुम्ही सगळे' म्हणजे थेट 'यू ऑल'. 'तुम्ही लोकं', हिंदीतल्या 'तुम लोग'चा सख्खा भाऊ. शुद्धलेखनवाले इथं डोळे वटारतात, 'लोक' आधीच अनेकवचन आहे, त्यावर अनुस्वार कशाला? पण बोलणाऱ्याला त्या अनुस्वारात गर्दी ऐकू येते. फक्त 'तुम्ही लोकं'ला एक काटा आहे. "तुम्ही लोकं ना, कधी सुधारणार नाही" असं म्हटलं की समोरचे वेगळे आणि आपण वेगळे होतो. इंग्रजीत 'यू पीपल'ला हाच काटा आहे, म्हणून तिथं ते जपून वापरतात. 'मंडळी'ला तो काटा नाही. मंडळीत बोलणाराही बसू शकतो. (जुन्या घरांत 'आमची मंडळी' म्हणजे बायको, एकटी! आदर तिथंही अनेकवचन घेऊन आला.)

आता वऱ्हाडी ऐका. 'तू येजो' आणि 'तुमी येजा'. 'तू कधी येशीन' आणि 'तुमी कधी येसान'. क्रियापदात फरक अगदी ठसठशीत. आणि गावाकडच्या पुष्कळ घरांत मायला, आजीला, कधी बापालाही 'तू'च म्हणतात. बाहेरच्याला ते उद्धट वाटतं. पण त्याचा एक परिणाम बघा. आदरासाठी 'तुमी' कमी खर्च होतं, म्हणून ते संख्येसाठी जास्त शिल्लक राहतं. जॉर्ज फॉक्सनं पुस्तक लिहून जे मागितलं, ते आमची आजी चुलीपाशी बसून करत होती.

आणि मग आपला हुकमाचा पत्ता, 'राजेहो'. 'राजे' हे आदराचं अनेकवचन, त्याला 'हो' ही अनेकांना हाक मारायची जोड. 'सज्जनहो', 'मित्रहो' यांतला 'हो' प्रमाण मराठीत भाषणापुरता उरला, व्यासपीठावर चढला की आठवतो. वऱ्हाडीत तो पानटपरीवर, वावरात, एसटी स्टँडवर रोज वापरात आहे. "ऐका राजेहो", "चला पोट्टेहो". ज्याच्या नावावर एकरभर जमीन नाही अशाला पण चारचौघांत 'राजे' म्हणून हाक मिळते. आदर आणि अनेकवचन एकाच शब्दात, कुणाचाही पत्ता न कापता.

एक खोच आहे. 'राजेहो' कधीकधी एकट्यालाही म्हणतात. "काय राजेहो तू बी!" मग ते अनेकवचन कसं? हाच वाद अमेरिकेत 'यॉल'वर कितीतरी वर्षं चाललाय. दुकानदार एकट्या गिऱ्हाइकाला 'यॉल' म्हणतो, मग ते एकवचन झालं का? दक्षिणेतले लोक सांगतात, नाही हो, त्यात तू आणि तुझ्या घरचे सगळे आले. मला 'राजेहो'तही तेच ऐकू येतं. एकट्याशी बोलताना सुद्धा त्याच्यामागं उभं असलेलं घर, गाव, सगळं धरून बोलणं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडं आहे जी इंग्रजीत कुणीच बनवू शकलं नाही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक. 'आम्ही सिनेमाला चाललो', म्हणजे तू नाहीस. 'आपण सिनेमाला चाललो', म्हणजे तूही आहेस. इंग्रजीत दोन्हीला 'वी'. प्रमाण हिंदीत दोन्हीला 'हम'. तेलुगू, तमिळमध्ये हा फरक आहे, आणि मराठीत तो द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असं पुष्कळ अभ्यासक मानतात. गुजरातीतही आहे. आपल्या मानोऱ्याच्या पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाच्या गोरबोलीतही 'हम' आणि 'आपण' वेगळे. 'आपण'चं मूळ 'आत्मन्', म्हणजे स्वतः. समोरच्यांना 'आपण' म्हणताना आपण त्यांना स्वतःमध्ये धरतो. सभेत पुढारी 'आम्ही करू' म्हणतो की 'आपण करू' म्हणतो, तिकडं एकदा कान देऊन बघा. अर्धं राजकारण त्या एका शब्दात कळतं.

मग लाज कसली?

आता मुद्द्यावर येतो. वाशीम, कारंजा, मंगरुळपीरची किती पोरं दरवर्षी पुण्याला जातात. कॉलेजला, कंपनीत, स्पर्धा परीक्षेच्या क्लासला. पहिल्या महिन्यात खोलीवरचे हसतात. 'मले-तुले'वर, 'काहून'वर, 'येजा'वर. दुसऱ्या महिन्यात पोरगं गप्प होतं. सहाव्या महिन्यात दोन भाषा होतात, खोलीवर एक आणि घरच्या फोनवर एक. आणि काही वर्षांनी फोनवरचीही बदलते. त्या पोराची आजी फोन ठेवून विचारते, "हा असा पाहुण्यावानी काहून बोलते?"

सगळे म्हणतात, बोली अशुद्ध असते. आत्तापर्यंतच्या गोष्टीत काय दिसलं? प्रमाण भाषेनं भोक पाडलं, आणि बोलीनं ते बुजवलं. लंडनच्या शिष्टांनी 'यू' सरसकट केलं. पोलाद गाळणाऱ्यांनी, कापूस वेचणाऱ्यांनी त्याला अनेकवचन परत दिलं. तरी शतकभर 'यॉल' आणि 'यिन्झ' म्हणणाऱ्यांना अडाणी म्हटलं गेलं.

पिट्सबर्गचं पुढं काय झालं ते सांगतो. १९८० च्या आसपास तिथले पोलाद कारखाने बंद पडले, तरुण कामासाठी देशभर पांगले. परक्या शहरांत गेल्यावर त्यांना कळलं की आपण वेगळं बोलतो. तिथल्या भाषाशास्त्रज्ञ बार्बरा जॉन्स्टन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. ज्या शब्दाची लाज वाटायची तोच टी-शर्टवर, कपांवर छापून आला. पिट्सबर्गचा माणूस आज स्वतःला अभिमानानं 'यिन्झर' म्हणवतो. पण त्यातलं दुखणंही ऐका. टी-शर्टवर शब्द वाढला तसा तरुणांच्या तोंडातून तो कमी झाला. कपावर छापलेली बोली म्हणजे जिवंत बोली नव्हे.

आपल्याकडंही रील्सवर वऱ्हाडी जोरात आहे. चांगलंच आहे. पण तिथं ती बहुतेक वेळा हसवायलाच असते. उद्धव शेळक्यांनी 'धग' कादंबरीत, १९६० साली, याच बोलीत एका बाईच्या संसाराची राख होताना दाखवली. तिथं कुणी हसत नाही. गाडगेबाबांचं १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, मोबाइलवर सहज सापडेल. ऐका. मुंबईच्या गर्दीसमोर हा माणूस आपली वऱ्हाडी बदलत नाही. प्रश्न विचारतो, लोकांकडून उत्तर घेतो. हजारो लोकांशी एकाच वेळी बोलणं म्हणजे काय, ते तिथं कळतं.

शंभरेक वर्षांपूर्वी ग्रियर्सन नावाच्या आयरिश अधिकाऱ्यानं हिंदुस्थानभरच्या बोलींची पाहणी केली. मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. पुढं या पाहणीसाठी देशातल्या अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही भरल्या गेल्या. तेव्हा एक आवाज टिपायला सरकार लागत होतं. आज तुमच्या खिशात ते यंत्र आहे.

तर या आठवड्याचं काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, चारचौघांना एकदम हाक कशी मारायची? बायकांना कशी, पोरांना कशी, गड्यांना कशी? वावरातून लांबवर कशी? दोन मिनिटांचा व्हॉइस नोट करा, सोबत गावाचं नाव सांगा, आणि आम्हाला पाठवा. त्यांना विचारूनच पाठवा बरं का. पुरेसे जमले तर पुढचा एक भाग नुसत्या हाकांचा करू.

आणि येताना एकटे येऊ नका. आवतन चूलबंद आहे.

येजा मंग, राजेहो.